सनद खुंटीला टांगून वर्गात या

मा. अध्यक्ष,
बार कौन्सिल ऑफ इंडिया, नवी दिल्ली यांस,



विधी महाविद्यालयात पूर्णवेळ अध्यापक व्हायचे तर एलएल.एम. लागते आणि त्यावर नेट. महाराष्ट्र-गोव्यात सेटही चालते. तीन तास, दीडशे प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, तेव्हा येत नसेल तिथेही कशावर तरी खूण करून यावे, हा सगळ्याच उमेदवारांचा शिरस्ता. या परीक्षेत कुठेही एक सलग वाक्य लिहावे लागत नाही. ती उत्तीर्ण झालेला उमेदवार पुढच्या जूनमध्ये वर्गात उभा राहतो आणि वादपत्र कसे लिहावे, भाडेकरार कसा करावा, नोटिशीला उत्तर कसे द्यावे, हे साठ-सत्तर मुलांना शिकवू लागतो.

मसुदालेखनाचा हा विषय आपल्या परिषदेनेच सक्तीचा केलेला आहे. २००८च्या कायदेशिक्षण नियमांत प्रत्यक्ष कामाचे म्हणून जे चार विषय घातले, त्यांतला हा एक. किमान पंधरा मसुदे न्यायालयीन कामाचे, पंधरा दस्तऐवजांचे, प्रत्येकाला तीन गुण आणि उरलेल्या दहा गुणांची तोंडी परीक्षा. शक्यतो वकिली करणाऱ्यांच्या किंवा निवृत्त न्यायाधीशांच्या मदतीने हे शिकवावे, असेही नियमात लिहिले आहे. नियम करणाऱ्याला सगळे कळत होते, याचा तो पुरावाच.

आता वर्गात काय होते ते पाहावे. मुलांच्या हातात जर्नल असते. मागच्या वर्षीच्या मुलांचे जर्नल शेजारी उघडे असते. ‘अ’ने ‘ब’ला पाच लाख रुपये उसने दिले, ‘ब’ने परत केले नाहीत, सबब वादपत्र लिहा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सातव्या आदेशात वादपत्रात काय काय हवे याची यादी आहे. अध्यापक ती तोंडपाठ म्हणून दाखवतात आणि ती बिनचूक असते. पण दाव्याचे कारण कोणत्या तारखेला घडले हे ठरवताना मुदतीच्या कायद्यात पक्षकार कसा अडकतो, ‘ब’च्या तीन पत्त्यांपैकी कोणता दिला तर बेलिफ समन्स न बजावता परत येतो, दोन्ही बाजूंचे आपसात जुळले तर पुरसिस कधी द्यायची आणि तिच्यावर कोणाकोणाच्या सह्या घ्यायच्या, रोजनाम्यात आज काय लिहिले गेले हे संध्याकाळीच का पाहून ठेवायचे, हे कोणी विचारले तर अध्यापक प्रामाणिकपणे म्हणतात, ‘ते तुम्हाला पुढे सीनियरकडे कळेल.’ ते खोटे बोलत नाहीत. त्यांना ते कधी कळलेलेच नसते, कारण कळून घ्यायची मुभाच त्यांना दिलेली नाही.

हे पत्र त्या मुभेसाठी आहे.

आपल्या नियमांप्रमाणे सनदधारक वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. ती धरली की वकिली थांबवावी लागते. अध्यापनाला १९९५च्या नियमांनी एक फट ठेवली: वकिली चालू असताना दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येईल आणि ती अर्धवेळ नोकरी मानली जाईल. म्हणजे वकिलाला अर्धवेळ शिक्षक होता येते. पूर्णवेळ शिक्षकाला मात्र एका प्रकरणापुरतेही वकील होता येत नाही. दिल्ली विद्यापीठातल्या पूर्णवेळ विधी अध्यापकांच्या वकिलीचा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयासमोर गेला तेव्हा २००२ साली न्यायालयाने हेच सांगितले. तीन तासांची सवलत अर्धवेळ शिकवणाऱ्यांसाठी आहे, पूर्णवेळ प्राध्यापकांनी तिचा आसरा घेऊ नये.

भिंत एका बाजूने आपण बांधली, दुसऱ्या बाजूने विद्यापीठ अनुदान आयोगाने. आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत विद्यापीठांतल्या सहायक प्राध्यापकपदाच्या उमेदवारांची चाळणी करण्यासाठी गुणांचा तक्ता आहे. पीएच.डी.ला ३० गुण. शोधनिबंधांना गुण आहेत, पुरस्कारांना आहेत, शिकवण्याच्या अनुभवालाही वर्षाला दोन याप्रमाणे कमाल दहा गुण आहेत. वकिलीच्या अनुभवाला रकानाच नाही. जिल्हा न्यायालयात वीस वर्षे उलटतपास घेतलेला माणूस आणि बावीस मिनिटांचा उलटतपासही न पाहिलेला माणूस या तक्त्यात शेजारी शेजारी बसतात. बहुधा दुसराच वर सरकतो, कारण त्याच्या हाताशी निबंध असतात.

हिशेब सोपा आहे. बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम, मग एक वर्षाची एलएल.एम. (जी बंद करण्याचा घाट आपल्या परिषदेने २०२१च्या सुरुवातीला घातला होता), त्याच वर्षी नेट. चोविसाव्या वर्षी प्राध्यापक तयार. त्यात त्या मुलाचा किंवा मुलीचा दोष शून्य. हुशार मुले आहेत ही, वाचणारी आहेत, रात्र रात्र मूट कोर्टची तयारी केलेली आहेत. पण मूट कोर्टात पक्षकार नसतो. त्यामुळे त्याची बायकोही बाहेर बाकावर डबा घेऊन बसलेली नसते, आणि न्यायाधीश ‘पुढची तारीख’ म्हणून पुढच्या पुकाऱ्याकडे वळतही नाहीत.

जुन्या लोकांचा दाखला द्यायची आपल्याकडे सवयच आहे, पण या बाबतीत दाखले खरोखर बोलके आहेत. टिळकांनी १८७९ साली एलएल.बी. केली आणि वकिलीचा व्यवसाय केला नाही. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्यावर मात्र त्यांनी पुण्यात लॉ क्लास काढला आणि वकिलीच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना शिकवले. व्यवसाय न केलेला माणूस कायदा उत्तम शिकवू शकतो, याचे याहून मोठे उदाहरण शोधायला नको. आणि १९०८च्या खटल्यात त्यांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, तेव्हा त्या अभ्यासाचा कस मुंबईच्या उच्च न्यायालयातही दिसला.

दुसरे टोक डॉ. आंबेडकरांचे. अर्थशास्त्रातल्या पदव्या कोलंबिया आणि लंडनच्या, बॅरिस्टरी ग्रेज इनची, १९२३पासून मुंबईत वकिली. सुरुवातीच्या त्या काळात संसाराला हातभार म्हणून बाटलीबॉय यांच्या हिशेबनीसांच्या संस्थेत त्यांनी व्यापारी कायदा शिकवला. १९२८मध्ये ते मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात अर्धवेळ प्राध्यापक झाले आणि १९३५ ते १९३८ त्याच कॉलेजचे प्राचार्य. न्यायशास्त्राचे पेरी अध्यासनही त्यांच्याकडे होते. प्राचार्य असताना मुंबई इलाख्यातले कायदेशिक्षण कसे सुधारावे यावर त्यांनी कॉलेजच्या मासिकात सविस्तर लेख लिहिला.

एलएल.एम. मात्र त्यांच्याकडे नव्हती. आजच्या नियमावलीवर बोट ठेवून त्यांचा अर्ज तपासला, तर कायद्याच्या विभागातून तो नम्रपणे परत येईल आणि अर्थशास्त्राच्या विभागात मुलाखतीचे बोलावणे मिळेल. घटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षाला मसुदालेखन शिकवायला अपात्र ठरवणारी पद्धत आपण चालवत आहोत. ही गंमत म्हणून सोडून द्यावी की तिची दखल घ्यावी, हे परिषदेने ठरवावे.

तरीही एक गोष्ट आपल्या बाजूने सांगितलीच पाहिजे. भिंत उगाच उभी राहिली नाही. मुंबई-पुण्यातली लॉ कॉलेजे कित्येक दशके वकिलांच्या जिवावर चालली. सकाळी कोर्टाच्या आधी किंवा संध्याकाळी कोर्ट सुटल्यावर तास. त्या पद्धतीतून मोठी माणसे वर्गात आली. पुढे सरन्यायाधीश झालेले यशवंतराव चंद्रचूड १९४९ ते १९५२ या काळात गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात असेच अर्धवेळ प्राध्यापक होते. पण चंद्रचूड रोज मिळत नसतात. बाकी ठिकाणी प्रकरण बोर्डावर आले की तास बुडायचा, आला तर पिवळ्या पडलेल्या वह्यांतून नोट्स सांगितल्या जायच्या, हजेरी एकमेकांची लावली जायची. कायद्याची पदवी म्हणजे नोकरी सांभाळून पदरात पाडून घ्यायची जोडपदवी, असा तिचा लौकिक झाला होता. न्या. गजेंद्रगडकरांच्या समितीने १९६४ साली दिल्ली विद्यापीठासाठी कायदेशिक्षणाचा फेरविचार केला तो याच पार्श्वभूमीवर, आणि पूर्णवेळ अभ्यासक्रम, पूर्णवेळ शिक्षक ही दिशा तिथून पक्की होत गेली. पुढे डॉ. माधव मेनन यांनी बंगळुरूला राष्ट्रीय विधी विद्यालय उभे केले ते याच दिशेने. मेनन स्वतः केरळात वकिलीची सनद घेतलेले आणि मग अलिगढला अध्यापनाकडे वळलेले. त्यांनी दोन्ही काठ पाहिले होते.

तेव्हा पूर्णवेळ अभ्यासकाची गरज नाही, सगळे प्राध्यापक बारमधून आणा, असे कोणी म्हणत असेल तर ते ऐकू नये. मथुरा खटल्याची आठवण एवढ्यासाठी करून द्यायची.

देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२च्या मार्चमध्ये मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा तो खटला. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि सप्टेंबर १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवले. निकाल छापून आला, वाचला गेला, ग्रंथालयांच्या फडताळात गेला. देशभरातल्या हजारो वकिलांच्या नजरेखालून तो गेला असणार. वर्षभराने, १६ सप्टेंबर १९७९ रोजी, चौघांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले: उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. चौघेही कायद्याचे अध्यापक. प्रतिकार न करणे म्हणजे संमती देणे नव्हे, हा त्यांचा मुद्दा. आणि ज्या ठाण्यात दिवे मालवलेले, दार लावलेले, समोर वर्दीतले दोघे, तिथे एका मजूर मुलीने किती आरडाओरडा करायला हवा होता, हा त्यांचा सवाल. पत्र ज्यांच्या नावे होते ते सरन्यायाधीश म्हणजे गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे तेच माजी अर्धवेळ प्राध्यापक चंद्रचूड. निकाल देणाऱ्या पीठावर ते नव्हते.

त्या पत्रातून मोर्चे निघाले, स्त्रियांच्या संघटना उभ्या राहिल्या, विधी आयोगाचा अहवाल आला आणि १९८३ साली फौजदारी कायदा बदलला. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणच्या बलात्काराला वेगळी शिक्षा आली. तिथे संमती नव्हती असे स्त्रीने साक्षीत सांगितले तर न्यायालयाने तसे गृहीत धरावे, अशी तरतूद पुराव्याच्या कायद्यात आली.

हे पत्र वकिलांनी का लिहिले नाही? उद्या त्याच पीठापुढे उभे राहायचे असते, हे त्याचे एक रोखठोक उत्तर. प्राध्यापकाला उद्या कोणापुढे उभे राहायचे नसते. त्याच्याकडे निकाल सावकाश वाचायला वेळ असतो आणि वाचून वाईट वाटले तर ते लिहायची सोय असते. त्या चौघांच्या पार्श्वभूमी पाहिल्या तरी हे ध्यानात येते. लतिका सरकार केंब्रिजमध्ये कायद्याची पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री आणि स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या राष्ट्रीय समितीच्या सदस्य. बक्षी मुंबई विद्यापीठ आणि बर्कलेत शिकलेले, सिडनीत शिकवून दिल्लीला आलेले. असा माणूस अनुदान आयोगाच्या तक्त्यात बसो न बसो, विद्यापीठाला तो हवाच.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९८१मध्ये बक्षी आणि सरकार यांना आग्र्याच्या संरक्षणगृहातल्या स्त्रियांची दैना न्यायालयापुढे मांडायची होती. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र पाठवले आणि न्यायालयाने ते रिट याचिका म्हणून दाखल करून घेतले. कायदा शिकवणारी ही दोन माणसे देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेली ती नागरिक म्हणून, टपालाने.

त्याच्या जवळपास दहा वर्षे आधीची अमेरिका पाहू. रूथ बेडर गिन्सबर्ग रटगर्स आणि नंतर कोलंबिया विद्यापीठात कायद्याच्या प्राध्यापक होत्या. प्राध्यापक असतानाच त्यांनी लिंगभेदाचे सहा खटले तिथल्या सर्वोच्च न्यायालयात स्वतः युक्तिवाद करून लढवले, पाच जिंकले. सकाळी वर्गात जो युक्तिवाद मुलांसमोर तपासून पाहिला, तोच पुढे न्यायालयात मांडता येत होता. प्राध्यापकाने वकिली केलेली असावी की नसावी, हा वाद अमेरिकेलाही जुनाच. हार्वर्डच्या लँगडेल यांनी १८७३मध्ये जेम्स बार एम्स नावाच्या, वकिली न केलेल्या तरुणाला प्राध्यापक केले तेव्हापासून तो धुमसतो आहे, आणि आजही तिथली नावाजलेली विद्यापीठे वकिलीपेक्षा संशोधनाला झुकते माप देतात. फरक एवढाच की तिथे प्राध्यापकी पत्करली म्हणून परवाना काढून घेत नाहीत.

आपल्याच देशात वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाहावे. शल्यचिकित्सेचा प्राध्यापक सकाळी शस्त्रक्रियागृहात असतो, त्याच्या खांद्यावरून विद्यार्थी पाहत असतात, आणि तो रुग्णाला हात लावतो म्हणून त्याच्या प्राध्यापकीला बाधा येत नाही. विधी महाविद्यालयाचे रुग्णालय म्हणजे त्याचे विधी साहाय्य केंद्र. आपल्याच नियमांनी ते प्रत्येक महाविद्यालयात असायला हवे. गावात शिबिर भरते, एखादी बाई पोटगीचे कागद घेऊन येते, अध्यापक ते वाचतात, मुले टिपणे काढतात, अर्जसुद्धा लिहून होतो. मग तो अर्ज घेऊन तिला पॅनेलवरच्या वकिलाकडे पाठवले जाते आणि त्या प्रकरणाचे पुढे काय झाले हे ना अध्यापकाला कळते ना मुलांना. अधिवक्ता अधिनियमाचे कलम ३२ न्यायालयाला एखाद्या प्रकरणापुरते सनद नसलेल्यालाही उभे राहू देण्याचा अधिकार देते. पण दर वेळी न्यायाधीशांच्या मर्जीवर अवलंबून राहून शिक्षणपद्धती चालत नसते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ नावाची वाट काढली: पंधरा वर्षांचा अनुभव, पदव्यांची अट शिथिल, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत, मुदत सहसा कमाल तीन वर्षे. वकिली क्षेत्राचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. वाट चांगली, पण पूर्णवेळ पगार घेतला की वकिली थांबवण्याचा आपलाच नियम तिच्या तोंडाशी उभा. चालती वकिली तीन वर्षे बंद ठेवून परत आल्यावर पक्षकार दारात थांबलेले असतील, असे कोणत्या वकिलाला वाटेल? मग महाविद्यालये जुनाच मार्ग धरतात. तासिका तत्त्वावर कनिष्ठ वकील बोलवायचे, मानधन महिनोन्महिने अडकवायचे आणि प्रात्यक्षिकांचा विषय त्यांच्या गळ्यात मारायचा. घरभाडे भागावे म्हणून आलेला हा मुलगा चांगला शिकवू लागतो तोच त्याची वकिली जम धरते आणि तो वर्ग सोडतो.

एरवी आपल्या राज्यघटनेला कायद्याच्या अभ्यासकाचे वावडे नाही. अनुच्छेद १२४ प्रमाणे राष्ट्रपतींच्या मते नामांकित विधिवेत्ता असलेल्या व्यक्तीला थेट सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश होता येते. घटना लागू झाल्यापासून त्या दाराने एकही प्राध्यापक आत गेलेला नाही. न्यायाधीश व्हायला पात्र, पण पोटगीच्या अर्जात उभे राहायला अपात्र, अशी त्याची अवस्था.

परिषदेला धास्ती आहे ती प्राध्यापक वर्ग सोडून कोर्टात रमतील याची. मुंबईच्या एका शल्यविशारदाला सनद नाकारणारा महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये उचलून धरला, तोही वकिलीला पूर्ण लक्ष लागते याच कारणाने. धास्ती रास्त आहे, म्हणून मागणीही आखूड ठेवली आहे. पूर्णवेळ अध्यापकांना खासगी वकिली खुली करू नये. फी घेऊ देऊ नये. पण विधी साहाय्य केंद्रातून आलेले प्रकरण शेवटपर्यंत चालवू द्यावे. सोबतच आयोगाशी बोलून त्या गुणतक्त्यात वकिलीच्या वर्षांसाठी एक रकाना घालून घ्यावा. अधिनियमाने विद्यापीठांशी विचारविनिमय करून शिक्षणाचा दर्जा ठरवण्याचे काम आपल्यावर सोपवलेलेच आहे. आणि आपली तपासणी समिती महाविद्यालयात येते तेव्हा ग्रंथालयातली पुस्तके मोजते, तशी प्रत्येक अध्यापकाने कोणत्या न्यायालयात किती काळ काम केले आणि कशावर संशोधन केले, याची माहिती प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्यांपुढे ठेवली जाते का, हेही पाहावे.

मसुद्याची गोष्ट निघाली आहे तर मसुदाही सोबत जोडला आहे. १९९५च्या नियमांतील नियम ३ नंतर पुढील मजकूर घालावा:

‘३-अ. या अधिनियमाखालील अन्य कोणत्याही नियमात काहीही असले तरी, मान्यताप्राप्त विधी शिक्षण केंद्रातील पूर्णवेळ अध्यापकास, त्या केंद्राच्या विधी साहाय्य केंद्रामार्फत आलेल्या प्रकरणांपुरती, पक्षकाराकडून कोणताही मोबदला न घेता, वकिली करण्याची मर्यादित सनद राज्य बार कौन्सिल देऊ शकेल. अशा प्रत्येक प्रकरणात किमान दोन विद्यार्थी अध्यापकासोबत काम करतील आणि अध्यापकाचे नियत तास बुडणार नाहीत याची जबाबदारी प्राचार्यांची राहील.’

शब्दरचनेत त्रुटी असतील त्या परिषदेच्या विधिज्ञांनी दुरुस्त कराव्यात आणि परिषदेच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती.

कळावे.